खंडेनवमीचा ठोका

मी पावणे गावातल्या कारखान्यातली, तीन पॉवर प्रेसांमधली मधली बोलतेय. साच्यावर पत्रा ठेवायचा, वरून माझा ठोका बसायचा की डब्याचं झाकण तयार. तोंड वाकडं करू नका, तुमच्या फडताळातली झाकणं कदाचित माझ्याच पोटची असतील!

साताऱ्याहून आलेला हौसेराव माझा कारागीर. तेल घालताना म्हणायचा, "गुमान चाल बाई, दोन पोरी हाईत माज्या पदरात." फार जीव होता माझा त्याच्यावर.

शहाण्णव साली मालकांनी केबिनमध्ये कॉम्प्युटर बसवला. त्यांचा पुतण्या आशुतोष तिथूनच आम्हा तिघींना चालवायचा, थांबवायचा. आमचे थांबून थांबून पडणारे ठोकेही कॉम्प्युटरच्याच हुकमानं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं प्रोग्राम बदलला. जी प्रेस थांबेल तिचं नाव तिथल्या तिथं यादीतून पुसायचं, म्हणजे पडद्यावर चालू असतील तेवढ्याच दिसतील. करून बघायला सवड कुठली! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दुसऱ्या दिवशी पूजेसाठी त्यानं आम्हाला थांबवायला घेतलं. पहिली थांबली, तिचं नाव पुसलं. रांग सरकली आणि मी पहिल्या जागी आले. प्रोग्राम मात्र ठरल्याप्रमाणे दुसऱ्या जागेकडे गेला. तिथं आता तिसरी उभी. ती थांबली. फेरी संपली, म्हणून सगळं बंद झाल्याची घंटा वाजली. पडद्यावर माझं एकटीचं नाव उरलं होतं, पण आशुतोष पेढे घेऊन केव्हाच बाहेर पडला होता.

वीज तोडल्यावरही आमची चाकं बराच वेळ घुमतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. हौसेरावानं कुंकवात बोटं बुडवली आणि साच्याला लावायला हात आत घातला.

मला ओरडता येत नाही. मी ठोका मारला.

हाडं फुटल्याचा आवाज मीच आधी ऐकला, मग त्याची किंकाळी. "मेन पाड रे, मेन पाड!" सगळे धावले. त्याला ओढून काढलं, पण उजवा पंजा साच्यातच राहिला. कुंकू कुठलं नि रक्त कुठलं, कळेना.

पूजेला आलेली त्याची बायको राहीबाई दारातच होती. तिनं घण उचलला आणि माझ्यावर घातला. "खा! मला बी खा, सटवे!" घाव बसत होते आणि मला ते हवे होते. केबिनच्या दारात आशुतोष ढसाढसा रडत होता, "आधी तिघींना थांबवायचं होतं... नावं मग पुसायची होती..."

आता मी तुर्भ्याच्या भंगारात पडलेय. कॉम्प्युटरवाल्यांनो, पाया पडते, रांगेवरून फिरता फिरता रांगेतलं कुणी काढू नका. मधलं कुणीतरी सुटून जातं.

मघाशी गॅस कटरवाला आला. गंज चाचपायला त्यानं माझ्या जबड्यात हात घातला. मी हलले नाही. त्या दिवशी एवढंच जमायला हवं होतं.