दाजींनी न घेतलेली दलाली

"दलाली किती पडतली, ती आधी सांगा," तुळसा म्हणाली आणि पेढीच्या उंबऱ्यापाशीच टेकली. आत गादीवर बसायला दाजींनी सांगितलं नव्हतं, आणि आपल्या लुगड्याला सुक्या बांगड्यांचा वास येतो हे तिलाही ठाऊक होतं.

दाजी हसले. मालवणात सरकारी रोख्यांची देवघेव करणारा हा एकच माणूस. बाकीच्या पेढ्यांवर सुपारी नाहीतर कोकमं.

"तुझ्याकडून दलाली घेऊ? गणपत बिचारा बोटीवर खपला. एक पैसा नको मला. नवाही नको, जुनाही नको."

"मगे तुमका काय रवला?"

"पुण्य," दाजी म्हणाले.

गणपत म्हणजे तुळसाचा नवरा. आगबोटीच्या इंजिनखान्यात कोळसा मारून मारून त्याने साठवलेले पैसे एका इंजिनियरच्या सल्ल्याने सरकारी कागदात, म्हणजे रोख्यात, घातले आणि पुढे एडनला तापाने गेला. कागद हजार रुपयांचा. सहा महिन्यांनी व्याज येई, तेवढाच नवऱ्याचा हात डोक्यावर आहे असं तिला वाटे. तो कागद ती जन्मात विकती ना. पण तिचं घर ज्या भाटात, माडांच्या वाडीत, होतं, त्याचा मालक सगळं विकून मुंबईला चालला होता. घराखालची जागा सातशेला आणि समोरचं खळं, म्हणजे अंगण, दीडशेला, होळीपर्यंत घेतलंस तर तुझं, असं त्याने सांगितलं होतं. घर नसतं तर तुळसा कुणाच्याही पडवीत निजली असती. पण मासळी वाळवायची त्या खळ्यात, आणि पोट चालायचं त्या मासळीवर.

"कागद हजाराचो आसा," ती म्हणाली.

"हजार सरकार देईल, पण मुदत संपल्यावर. अजून वीस वर्षं आहेत. आज भाव सातशे. हे मुंबईचं वर्तमानपत्र, बघ हवं तर."

वाचता न येणाऱ्या बाईपुढे वर्तमानपत्र सरकवायला फार मोठं मन लागतं. तुळसाने त्याकडे पाहिलं नाही. ती दाजींच्या बोटांकडे पाहत होती.

तिचा सगळा जन्म मासळीच्या लिलावात गेला होता. तिथला दलाल धोंडू लिलाव संपला की सगळ्यांसमोर वाकायचा आणि ढिगातले आपल्या वाटणीचे मासे उचलायचा. मोठे उचलले म्हणून बायका त्याचे वाडवडील उद्धरायच्या, तोही उलट शिव्या द्यायचा. दलाली म्हणजे ढिगातून उचललेली दिसते ती, एवढंच तुळसाला माहीत. दाजींनी सातशे रुपये मोजले आणि त्यांतली एकही नोट स्वतःकडे ओढली नाही. तिने डोळ्याचं पातं न लववता पाहिलं, मग कागदाच्या पाठीवर अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी घरातले सगळ्यांत चांगले सुक्या कोळंबीचे सोडे फडक्यात बांधून ती दाजींच्या घरी देऊन आली. त्यांनी ते ठेवून घेतले.

नुसतं खळं मालक देईना, म्हणून सातशेत घराची जागा तिच्या नावावर झाली. खळ्याच्या दीडशेसाठी तिने मालकाचे पाय धरले, दिवाळीपर्यंत थांबा म्हणाली. तो थांबला नाही. खळं सोडावॉटरच्या कारखानदाराने घेतलं.

होळी होऊन महिना झाला असेल. आनंदीबाईंच्या ओटीवर तुळसा सुके बांगडे निवडून देत होती. आनंदीबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहत.

"आज थोडेच दे हो," त्या म्हणाल्या. "सगळी पुंजी कागदात घातली. म्हातारपणाला व्याज तरी येत राहील. बोटीवरच्या कुणा माणसाचा कागद होता म्हणे. त्याची बायको दाजींना विकून गेली."

तुळसाने टोपली बाजूला सरकवली. "कितक्याक पडलो?"

"आठशे साठाला. आणि दलालीचा एक पैसा घेतला नाही. देवमाणूस! मी नारळाच्या वड्या करून नेऊन दिल्या त्यांना."

"तो कागद माझ्या घोवाचो," तुळसा म्हणाली. "माका सातशे दिल्यानी. दीडशाक खळा गेला माझा."

आनंदीबाईंनी हातातले बांगडे खाली ठेवले.

"अगो, मी तुझ्याकडूनच घेतला असता," त्या म्हणाल्या. "रोज तर दारात येतेस तू माझ्या."

तुळसा तशीच उठून पेढीवर गेली. या वेळी ती उंबऱ्यापाशी बसली नाही, उभीच राहिली. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्याकडून मी विकत घेतला, माझ्या भावाने. तिला विकला, तोही माझ्या भावाने. यात दलाली कुठे आली? मी खोटं बोललो का?"

"बाजारात भाव सातशे म्हणून सांगलात."

"घ्यायचा भाव तो. द्यायचा वेगळा असतो. मुंबईत सगळीकडे असंच चालतं. तुला समजायचं नाही ते."

चीड येते ती याचीच. कायद्याची पुस्तकं उघडून बसलं तरी या माणसाला कुठे धरायचं ते सापडणार नाही.

"होय, माका नाय समजाचा," तुळसा म्हणाली. "पण दलाली नको हुती, तर माझे सोडे कित्याक घेतलात?"

दाजींनी वर्तमानपत्र उचललं आणि तोंडापुढे धरलं.

पावसाआधी कारखानदाराने गडगा घातला. चिऱ्यावर चिरा चढत तुळसाच्या दारापुढे भिंत उभी राहिली. मधल्या बोळात ऊन येई ते माध्यान्हीला, आलं कधी नि गेलं कधी कळत नसे. तिथे पसरलेले पहिलेच बांगडे नासले. ते तिने समुद्रात नेऊन टाकले आणि वाळूत बसून ती ओक्साबोक्शी रडली. गणपत गेल्याची तार आली होती तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती लिलावाला गेली. तिने घेतलेल्या ढिगापाशी धोंडू आला, वाकला आणि आपल्या वाटणीचे बांगडे उचलून शिव्यांची वाट बघत उभा राहिला. तुळसाच्या शिव्या रोजच्याच. आज उलट तिनेच ढीग चाळला, त्यातला सगळ्यांत मोठा बांगडा काढला आणि त्याच्या टोपलीत टाकला.

"ह्यो कित्याक गो?" धोंडू गोंधळून म्हणाला.

"तू माझ्या डोळ्यांदेखत घेतस म्हणान."

धोंडूला त्यातलं काही कळलं नाही. तुळसाने टोपली डोक्यावर घेतली आणि झपाझप बाजाराची वाट धरली. वाळवायला जागा नव्हती, तेव्हा दुपारच्या आत सगळी मासळी ताजीच खपवायला हवी होती.