चरबीच्या मडक्यातली दुसरी गाठ

जरा कल्पना करा. तुमच्या हातात पितळेची एक चौकोनी नळी आहे, काड्यापेटीच्या तोंडाएवढ्या तोंडाची. तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात. चरबीतून त्या आरपार जातात, पण वाटेत पाण्याने भरलेलं काही लागलं की आपटून मागे येतात. मग जोडलेल्या यंत्राचा काटा उडी मारतो. ही नळी म्हणजे अँटेना. कौलांवरच्या टीव्हीच्या अँटेनाची चुलत बहीणच म्हणा.

बोळिंजच्या रोझलिनने ब्याऐंशी साली अशी नळी बनवली. ती मुंबईत एका प्रयोगशाळेत कामाला होती. बायकांच्या स्तनातली गाठ हाताला लागण्याआधीच नळीने शोधावी, असं तिच्या मनात होतं. स्तनात चरबी बरीच असते, गाठीत पाणी जास्त. म्हणून सरावासाठी तिने आईकडून डुकराच्या चरबीचं मडकं मागून घेतलं. सोमवारी प्रयोगशाळेतल्या साहेबांना नळी दाखवायची होती.

आईच्या स्वयंपाकघरात रोझलिन भिंतीकडे तोंड करून बसली. तिची भाची सेलिन नऊ वर्षांची. तिने थिजलेल्या चरबीत काकडीचा तुकडा दाबला, वरून सारखं केलं आणि हाक मारली. रोझलिनने नळी फिरवली. डावीकडे काटा उडाला. उजवीकडेही उडाला.

"दोन आहेत."

"मी एकच लपवलाय, आत्या!"

पुन्हा फिरवली. पुन्हा दोन.

"अगं, तिरळी असेल ती," दारातल्या ओट्यावरून सेलिनचा बाप कॉन्रॅड ओरडला. "चष्मा लाव तिला!"

रोझलिनला हसू आलं नाही. "नसलेली गाठ दाखवली तर एखादी बाई उगाच घाबरून अर्धी होईल, दादा. सोमवारी मी जातच नाही."

एरवी प्रत्येक वाक्याला उत्तर देणारी तिची आई इझाबेल मात्र बारीक चिरलेला कांदाच परत परत चिरत होती. सेलिनने ते पाहिलं. तिने बाही वर सारली, उजवीकडे हात खुपसला आणि तळलेल्या डुकराच्या मटणाचा जाडजूड तुकडा वर काढला.

"आई!" कॉन्रॅड उठलाच. "उपवासकाळात?"

"ईस्टरसाठी चरबीत मुरवून ठेवलंय ते. गेल्या वर्षी सणाआधीच कोणी फस्त केलं होतं, मेल्या? तुझ्यापासून लपवलं, तर पोरीची नळी चहाडखोर निघाली!"

"मटणातही पाणी असतंच. म्हणजे नळी खरं बोलत होती!" रोझलिनने आईचा गालगुच्चा घेतला.

"जागा बदलून बघायला हवं," सेलिन म्हणाली. "साहेब म्हणतील, परत दाखवा."

मग तिने तिघांनाही भिंतीकडे वळवलं, बापाला सगळ्यात आधी, आणि तो तुकडा मडक्यात नव्या जागी दाबून वरची चरबी तळहाताने गुळगुळीत केली.