व्हर्नाची दुसरी साक्ष

डेला दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. घरात कुणाला त्याची काळजी नव्हती. "तिचा बाप चौथ्या वर्षी बोलायला लागला. आता बघा, गप्प बस म्हणावं लागतं!" असं आजी म्हणायची आणि सगळे हसायचे. आपल्याही घरांत असं हसणं होतंच की!

हसणाऱ्यांत व्हर्नामावशीही असायची. डेलाची आई कोरीन हिची ती सख्खी मावशी आणि डोंगरपायथ्याच्या त्या गावाची सुईण. दवाखाना लांब, हिवाळ्यात घाट बंद; त्यामुळे अर्धं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं. डेलासुद्धा.

मार्चमध्ये बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. कोरीनचा नवरा लाइल चाऱ्याने भरलेला ट्रक मागे घेत होता. ट्रकचा पीं-पीं आवाज चालू होता, कुत्रा भुंकत होता, कोरीन पायरीवरून किंचाळली. मागे चिखलात खेळणाऱ्या पोरीने मान वर केली नाही! कोरीनने झेप घेऊन तिला ओढलं, तेव्हा चाक हातभर अंतरावर होतं.

शहरात तपासणी झाली. डेलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

ते ऐकून व्हर्नाला आपलं जुनं बोलणं आठवलं. काही वर्षांपूर्वी राज्यात कायदा येत होता, की प्रत्येक नवजात बाळाचे कान तपासायचे. त्याविरुद्ध बोलायला ती राजधानीत गेली होती. "माझ्या हातांवर आलेली पोरं ठणठणीत असतात. तान्ह्यांच्या कानांत सरकारने नाक कशाला खुपसायचं?" असं तिने समितीला ठणकावलं होतं. लोक खदखदून हसले, टाळ्या पडल्या. कायदा झाला, पण घरी जन्मणारी बाळं त्यातून वगळली गेली.

डेला झाली तेव्हा कोरीनने विचारलं होतं, "मावशी, दवाखान्यात कान तपासतात म्हणे. आपणही जाऊन यायचं का?" व्हर्नाने पाळण्यामागे लोखंडी तवा दणकन आपटला. फळ्यांची जमीन हादरली, त्या हादऱ्याने बाळ दचकलं. "बघ! घुबडासारखे तिखट कान आहेत पोरीचे!"

आता ती रोज यायची. भांड्यातून जेवण घेऊन यायची, भांडी घासायची, कपडे वाळत घालायची. कोरीन तिच्याशी बोलायची नाही.

शनिवारी डेलाला खुणांची भाषा शिकवायला मिसेस टॉलेफसन यायच्या. त्या स्वतः बहिऱ्या. समोरच्याचे ओठ वाचायच्या आणि सपाट आवाजात बोलायच्या. एकदा व्हर्नाला राहवलं नाही.

"बाई, खरं सांगा. तेव्हा कळलं असतं, तरी हिला ऐकू आलं असतं का?"

"कदाचित आलं असतं, कदाचित नसतं. मलाही येत नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही. पण माझे आईबाप बहिरे होते. मी पाळण्यात होते तेव्हापासून ते माझ्याशी हातांनी बोलत आले. ही पोर दोन वर्षं माणसांनी भरलेल्या घरात एकटी होती, व्हर्नाबाई! त्या वयात भाषा मिळाली नाही, तर ती पुढे भरून काढणं फार जड जातं."

व्हर्ना सिंककडे वळून ताटली घासू लागली. तेवढ्यात कोरीनने तिच्या हातातली ताटली काढून घेतली.

"मला तू घासलेली भांडी नकोत, मावशी. बोलायला राजधानीत गेली होतीस ना? आता पुन्हा जा. तिथेच बोल."

"लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत."

पुढच्या अधिवेशनात कायद्यातली ती पळवाट बुजवण्याचा प्रस्ताव आला. व्हर्ना समितीपुढे उभी राहिली, तेव्हा एक जुना सदस्य मिश्कील हसला. "व्हर्नाबाई, आज कुणाचं नाक कुठे खुपसायचंय?"

कुणीकुणी हसलं. व्हर्ना त्या सदस्याकडे वळली.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही हसलात आणि मला वाटलं मी जिंकले. माझ्याच भाचीची मुलगी त्यात हरली. मी तवा आपटून तिचे कान तपासले! तपासणीला नाही म्हणायचा हक्क आईबापांना राहू द्या. पण त्यांना सांगायचंच नाही, हा हक्क माझ्यासारखीला देऊ नका."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. पण प्रस्ताव मंजूर झाला. आता सुईणीला आईबापांना सांगावंच लागतं आणि तपासणीची सोय करून द्यावी लागते.

हल्ली व्हर्ना बाळंतपणाला जाते, ती तपासणीचं छोटं यंत्र घेऊनच. परवा एका बाळाच्या तपासणीत शंका निघाली. बाप म्हणाला, "कानात पाणी असेल, जाईल आपोआप."

"असेलही," व्हर्ना म्हणाली. "पण माझ्या 'असेल'ने एका पोरीची दोन वर्षं खाल्ली आहेत. सोमवारी शहरात जायचं. गाडी मी काढते."

कोरीन आता मावशीशी बोलते. डेला खुणांनी भांडते, हट्ट करते, गोष्टी मागते. पण डेलाची गेलेली दोन वर्षं कुणी परत देऊ शकत नाही, आणि व्हर्नाही तशी आशा धरत नाही.

नागरिकहो, बाळाला ऐकू येतं की नाही, हे आपल्या अंदाजावर सोडू नका. पहिल्या महिन्यातच तपासून घ्या, आणि शंका निघाली तर दुसरी तपासणी चुकवू नका. आपला अभिमान चुकीचा ठरला, तर त्याची किंमत अशा जीवाला मोजावी लागते, ज्याला तक्रार करायला अजून शब्दच मिळालेले नसतात!