कैलासात पाय कुठं करायचे

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर उकंडरावांनी जो लॉज काढला होता, त्यात झोप सोडून बाकी सगळं मिळतं, असं त्यांच्या मेव्हण्याचं मत होतं. उकंडरावांना त्यात टीका दिसत नसे. झोपायला माणसाला घर असतंच. लॉजात तो काहीतरी पाहायला येतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि पाहायला होतं. दोनेक वर्षांपूर्वी, नवं राज्य झालं त्याच उन्हाळ्यात, एक फिरती नाटक कंपनी नांदुऱ्यात येऊन फुटली. राजा अकोल्याच्या गाडीत बसला, राणी भुसावळच्या, आणि पडदे तेवढे मालधक्क्यावर राहिले. उकंडरावांनी ते उचलले, कापले आणि चार खोल्यांच्या भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत खिळे मारून बसवले. एक खोली दरबार झाली, एक जंगल, एक रस्ता आणि एक कैलास. मग त्यांनी गुलाबी कागदावर जाहिरात छापून बाजाराच्या गावांना वाटली. ‘डोंगर चढू नका. जंगल तुडवू नका. दरबारात मुजरा करू नका. सहकुटुंब या, सारे एका छताखाली पाहा.’

सहकुटुंब कोणी आलं नाही. एकटे फिरते विक्रेते तेवढे आले. ते कुशीवर वळून झोपत आणि भिंतीकडे बघतही नसत.

इमारत मेव्हण्याची, म्हणजे उकंडरावांच्या बायकोच्या, पुष्पाबाईंच्या, थोरल्या भावाची. किसनराव सरकीचे व्यापारी. एके मंगळवारी ते आले, चारही खोल्यांत डोकावले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “दाजी, लेकराबाळाचं मानूस अजून अठी निजलं नाही. हे फिरते लोक येतेत न् जातेत, त्यानं इमारतीचं नाव खराब होऊन राह्यलं. येत्या रविवारी सकाळी मी सरकीच्या गाड्या घेऊन येतो. एक तरी घरंदाज कुटुंब अठी झोपून उठलेलं दिसलं, त गाड्या मांगं फिरवीन. नाही दिसलं, त तुमच्या राजाच्या मुकुटापर्यंत सरकी.”

“अन् मी काय करू?” उकंडरावांनी विचारलं.

“सरकी राखा. पगार देतो.”

पुष्पाबाईंनी नवरा आणि भाऊ दोघांना सारखाच गोड चहा दिला आणि कोणाचीही बाजू न घेता कपबशा उचलल्या.

शनिवारी दुपारी डोणगावाहून एक कुटुंब वळकट्यांसह एसटीतून उतरलं, तेव्हा उकंडराव लॉजाच्या दारात उभे राहून रस्त्यावरच्या प्रत्येक संसारी माणसाकडे आशेनं पाहत होते. पुढे गुलाबराव, भरगच्च मिशा आणि खिशातून डोकावणारी गुलाबी जाहिरात. मागे त्यांची आई गोजरबाई, जिच्या चालण्यावरून कुटुंब कोणाचं आहे हे लगेच कळत होतं. तिच्या मागे डोक्यावर पदर घट्ट धरलेली सून कलाबाई, आणि दोन लेकरं.

“तुम्हीच का ते सारं दाखवनारे?” गुलाबराव म्हणाले. “बायको सालभर म्हनून राह्यली, कोठी तरी न्या. म्हटलं, चार ठिकानं एकदमच होऊन जातीन.”

उकंडरावांनी वळकटी स्वतः खांद्यावर घेतली. एवढ्या अदबीनं त्यांनी लग्नात सासऱ्याचंही सामान उचललं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी दरबार उघडला. दरबार हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. पलंगाला सिंहाचे हात बसवलेले, तिन्ही भिंतींवर सरदार, दिवाण, भालदार, सगळे पलंगाकडं तोंड करून उभे. कलाबाई उंबऱ्यातच थांबली. सासूसमोर ती नवऱ्याशी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते थोरल्या लेकीला, जनकाला सांगायची.

“जनके, बापाले सांग, एवढी मानसं पाहून राह्यली. म्या अठी लुगडं कसं बदलू?”

“चित्रं हायेत वहिनी,” उकंडराव म्हणाले.

“जनके, भाऊजीले सांग, चित्रं आहेत म्हून त डोळे बी मिटत नाहीत.”

गुलाबरावांनी सरदारांच्या डोळ्यांत पाहिलं. एका मिशाळ सरदाराची नजर खरोखरच बरी नव्हती. त्यांनी बायकोला आड घेतलं आणि दार ओढून घेतलं.

जंगलात लेकरं ओरडत शिरली आणि झाडांना मिठ्या मारायला लागली. उकंडरावांना वाटलं, जमलं. पण गुलाबराव कोपऱ्यातल्या झुडपाजवळ उकिडवे बसले होते.

“हे डुक्कर हाय का?”

“रानडुक्कर. अन् हे रोही, ते हरिण. कंपनीचा पेंटर मोठा कलावंत होता.”

“मंग मले अठी झोप नाही लागत,” गुलाबराव उठत म्हणाले. “डुक्कर दिसलं की माह्या हातात आपसूक गोटा येते. तुरीच्या वावरात मी सारी हिवाळी रात तेच करतो, मालक. पैसे देऊन अठी राखन काऊन करू?”

“हे कुठं पीक खाते?”

“सारे तसंच म्हनतेत सुरुवातीले.”

रस्त्याच्या खोलीत दोन्ही बाजूंना दुकानं, कंदील आणि लांबवर जाणारी सडक रंगवलेली होती. गोजरबाईनं आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. “रस्त्यावरच निजायचं होतं, त डोनगावात काय सडका कमी होत्या?” एवढंच बोलून ती पुढच्या दाराकडं गेली.

पुढचं दार कैलासाचं. गोजरबाईनं ते स्वतःच ढकललं आणि जागच्या जागी थबकली. समोर बर्फाच्या शिखरावर शंकर-पार्वती, एका बाजूला मोरासह कार्तिकेय आणि उंदरासह गणपती, दुसऱ्या बाजूला नंदी आणि हातात भाले घेतलेले गण. तिनं बाहेरच चपला काढल्या. मागोमाग सगळ्यांनी काढल्या. उकंडरावांनीही काढल्या, आजवर त्या खोलीत ते जोड्यांसकट वावरत असूनही.

“हीच,” गोजरबाई म्हणाली.

उकंडरावांनी पुष्पाबाईंना हाक मारून चांगल्यातला चहा टाकायला सांगितला. मेव्हण्याच्या सरकीला आता जगात कुठंही जागा मिळो, असा आशीर्वाद त्यांच्या मनात आला. वळकट्या आत गेल्या. दारात चपलांची रांग लागली. आपला लॉज हा लॉज आहे, असं त्यांना प्रथमच वाटलं.

अंधार पडायच्या सुमाराला गुलाबराव बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर शेताच्या बांधाचा तंटा सोडवायला निघालेल्या माणसाचे भाव होते.

“मालक, पाय कुठं करायचे?”

“कोनाचे?”

“आमचे. निजतांनी.”

उकंडराव आत गेले. पाचही वळकट्या सोडलेल्या होत्या, पण अंथरलेली एकही नव्हती. गोजरबाई खोलीच्या मधोमध उभी होती.

“पाहा,” ती म्हणाली, “वर उत्तरेले महादेव. तिकडं पाय करता येत नाही. इकडं नंदी, त्याले पाय लावला त गाय-बैल आपले मरतेत. तिकडं गनपती. मंग राह्यलं दक्षिनेले, दाराकडं. तिकडं पाय करून कोनाले ठेवतेत, तुमाले मालूम आहे.”

उकंडरावांना मालूम होतं. ज्यांना तसं ठेवतात, ते पुन्हा लॉजात येत नाहीत.

“तिरपं निजलं त?” त्यांनी सुचवलं.

गुलाबरावांनी तिरपे पाय पसरून पाहिले. त्यांच्या अंगठ्याची रेघ एका भालेवाल्या गणाच्या पोटावर गेली.

“हा काही देव नाही,” उकंडराव म्हणाले. “नोकर मानूस हाय.”

“देवाचा नोकर हाय. पोलिस पाटलाच्या शिपायाले पाय लावून पाहा तुम्ही.”

“नंदीवर चादर टाकू का?”

“तोंडावर चादर कोनाच्या टाकतेत, तेबी तुमाले मालूम आहे,” गोजरबाई म्हणाली.

पाय पोटाशी घेऊन निजावं, तर लेकरं झोपेत पाय सोडणार. बसून निजावं, तर त्यासाठी नांदुऱ्याला कशाला यायचं. जनकानं उभ्यानं झोपायची तयारी दाखवली आणि आईचा एक धपाटा खाल्ला. उकंडरावांना त्या नाटक कंपनीच्या पेंटरचा राग आला. एवढा मोठा कैलास रंगवला, पण माणसाचे पाय मावतील एवढी एक नास्तिक भिंत त्यानं ठेवली नव्हती.

शेवटी गोजरबाईनं निकाल दिला. “वऱ्हांड्यात निजू.”

उकंडराव वऱ्हांड्याच्या पायरीवर मटकन बसले. आतापर्यंत त्यांनी गिऱ्हाइकासमोर मान राखून ठेवला होता. आता तो राहिला नाही. मेव्हणा, इमारत, रविवार, गाड्या, मुकुटापर्यंत सरकी, सगळं त्यांनी गोजरबाईला सांगून टाकलं.

“सकाळी उठतांनी तरी आत राहा, मावशी. दोन मिनिटं.”

“उठायले आंदी निजा लागते,” गोजरबाई म्हणाली. मग तिनं वऱ्हांड्यात आपली वळकटी अंथरली आणि आडवी झाली. “महादेवाच्या अंगावर सरकी टाकनार? तो तुमचा साळा?”

“पोते. भरलेले.”

“हं,” ती म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन कुशीवर वळली. थोड्याच वेळात तिचं घोरणं ऐकू यायला लागलं. उकंडरावांना ते आपल्या धंद्यावरचं मत वाटलं.

सकाळी त्यांना जाग आली ती वासानं. कैलासातून उदबत्तीचा धूर येत होता. गोजरबाई नळावर आंघोळ करून ओल्या केसांनी आत बसली होती. कलाबाईनं पुष्पाबाईंच्या सोबतीनं स्टेशनामागच्या बेलाची पानं आणली होती, आणि पुष्पाबाईंनी घरातली समई. कोणाची बाजू न घेता आणली असणार. शंकराच्या रंगवलेल्या पायांशी नारळ फुटलेला होता. पलंग, जो उकंडरावांनी अकोल्याहून मागवला होता, भिंतीला उभा करून ठेवला होता. शेजारच्या तीन-चार बाया हात जोडून बसल्या होत्या आणि आणखी येत होत्या. नांदुऱ्यात बातमीला एसटी लागत नाही.

तेवढ्यात गाड्यांचा खडखडाट आला.

किसनराव पहिल्याच गाडीवर बसून होते. खाली उतरले, वऱ्हांड्यात पसरलेली अंथरुणं पाहिली, त्यावर लोळणारी लेकरं पाहिली, आणि समाधानानं मान हलवली.

“लोक बाहीर निजले, दाजी.”

“वऱ्हांडा लॉजाचाच हाय.”

“वऱ्हांडा म्या बांधला. तुमच्या खोल्यायले घाबरून लोक वऱ्हांड्यात पळाले, ह्याले राहनं म्हनत नाहीत.” ते वळून गाडीवानाला म्हणाले, “सहदेव, पोते काढ. कोपऱ्यातल्या खोलीपासून सुरू कर. म्या जागा पाहून येतो.”

आणि ते कैलासाकडे गेले. उकंडराव मागून चालत होते, फाशीच्या कैद्यामागून त्याचा वकील चालावा तसे. फक्त इथं कैदी मागे होता.

दारात चपलांचा ढीग होता. किसनरावांनी तो पाहिला नाही. पण त्यांच्या पायांनी पाहिला. बोलता बोलता त्यांनी एक जोडा काढला, मग दुसरा, दोन्ही भिंतीशी नीट लावले आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग त्यांना कळलं आपण काय केलं.

“पाय आखडले होते,” ते म्हणाले.

“हाव,” उकंडराव म्हणाले.

“कोन हो तुम्ही?” आतून गोजरबाईनं विचारलं.

“इमारत माही आहे.”

“तुमची? मंग आजवर देवाले दिवा नाही, बेल नाही, आंघोळ नाही, हे काऊन?”

किसनरावांशी ह्या सुरात बोलणारं नांदुऱ्यात कोणी उरलं नव्हतं. सगळ्या बाया त्यांच्याकडं पाहत होत्या. त्यांनी बहिणीकडं पाहिलं. पुष्पाबाई समईची वात सारखी करत होत्या.

“धंद्यात टाइम भेटत नाही,” ते पुटपुटले.

“बसा. हात पुढं करा.” गोजरबाईनं त्यांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. देवापुढं दिलेलं टाकता येत नाही. किसनराव मांडी घालून बसले आणि चावू लागले. चावणाऱ्या माणसाला हुकूम देता येत नाही, ही एक अडचण असते.

मागून सहदेव आला. त्यानंही पायताण काढलं होतं. त्यानं नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि दारात उभा राहून म्हणाला, “मालक, म्या अठी पोतं नाही टाकत. दुसऱ्या कोनाले सांगा.”

“अठी नको टाकू,” किसनराव घास गिळून म्हणाले. “बाकी तीन खोल्या हायेत. त्यात टाक.”

“सरकी आली म्हंजे उंदीर येतेत,” सहदेव म्हणाला. “उंदीर भिंत मानत नाहीत. देवाच्या अंगावर फिरतीन.”

“गनपतीचा एक आहे,” गोजरबाई म्हणाली. “देवाले तेवढा बस आहे.”

बाया हसल्या. सहदेव हसला. किसनराव हसले नाहीत, पण त्यांनी गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे बराच वेळ पाहिलं, एखाद्या भाडेकरूकडे पाहावं तसं. मग ते गोजरबाईकडे वळले. आवाजात अजून थोडा व्यापारी उरला होता.

“बाई, खरं सांगा. देवापुढं बसल्या आहात. तुम्ही रात्री अठी झोपल्या का?”

उकंडराव दारातल्या चपला मोजू लागले.

“मले परक्या घरी झोप येत नाही,” गोजरबाई म्हणाली. “लेकीच्या घरी नाही, भावाच्या घरी नाही. सारी रात छत पाहतो. काल देवाच्या दारात डोळा लागला, तो थेट कोंबड्यालेच उघडला. शिवरात्रीले सारी भावकी घेऊन येईन. खोल्या कितीक आहेत?”

“चार,” उकंडराव म्हणाले.

“तीन,” किसनराव म्हणाले. “अठी कोनाले निजू द्यायचं नाही. दाजी, ध्यानात ठेवा. अन् समईले तेल माह्या दुकानातून घेऊन जात जा.” ते उठले, बाहेर जाऊन जोडे घातले आणि सहदेवला गाड्या वळवायला सांगितलं. वळता वळता बैलांनी वऱ्हांड्यासमोरच्या लिंबाचा पाला ओरबाडला, आणि आज कोणी त्यांना हटकलं नाही.

दुपारच्या एसटीला वळकट्या बांधून झाल्या. गुलाबरावांनी उकंडरावांचा हात हातात घेतला आणि डुक्कर एवढं पुसून टाका म्हणजे जंगल फसकिलास आहे, असं सांगितलं. कलाबाईनं जनकाला सांगितलं की भाऊजीले सांग, सरदारायले पडदा लावा. उकंडरावांनी सगळं कबूल केलं. आज त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. मालधक्क्यावरून आणलेला एक पडदा अजून माळ्यावर गुंडाळलेला होता, लाटा आणि जहाजांचा. वऱ्हांड्याच्या लांबलचक कोऱ्या भिंतीवर ते हाताच्या वितीनं माप घेत होते.

गोजरबाई पायरी उतरत होती. ती थांबली.

“मालक.”

“बोला मावशी.”

“शिवरात्रीले आमाले वऱ्हांडाच पाह्यजे.” तिनं भिंतीकडं बोट केलं. “अन् अठी काही लावू नका.”