झाकण नसलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी आंब्याची पेटी आहे. पण आज मला मुळीच धीर धरवत नाही. बोलताना काही पुढचं-मागचं झालं तर समजून घ्या. माझ्या पोटात पेंढा आहे, पेंढ्यावर अंडी आहेत आणि अंड्यांवर एक खुडूक कोंबडी बसली आहे. सकाळपासून एका अंड्यातून बारीकसा आवाज येतो आहे. ते फुटायच्या आत मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे.

माझा जन्म रत्नागिरीजवळ, आरे-वारेच्या वरच्या कातळी सड्यावर, हरिहरकाकांच्या कलमांच्या बागेत. मी रायवळ आंब्याच्या फळ्यांची. भिकाजी सुतार मांडवात बसून पेट्या ठोकायचे. दातांत खिळे धरून गाणं गुणगुणणं फक्त त्यांनाच जमायचं. आम्हा पेट्यांचं आयुष्य ठरलेलं होतं. खाली पेंढा, त्यावर हापूस, वर पुन्हा पेंढा, मग झाकण, खिळे आणि थेट मुंबई! तिथे आंबे काढून घेतले की पेटी बंबात. हे ठाऊक असूनही आम्ही सगळ्या मुंबईसाठी नुसत्या उतावीळ झालो होतो.

माझी पाळी आली आणि झाकण बसेना. माझी एक फळी सुकताना वाकली होती.

"भिकाजी, ही पेटी केलीस की होडी?" हरिहरकाका म्हणाले. "बघ कसं तोंड वासलंय."

"फळीच आगाव हाय, काका. ठोकली तर चिरंल."

"मग राहू दे. डागी आंबे टाक हिच्यात."

झालं! माझ्या बहिणी गाडीत चढल्या आणि मी कोपऱ्यात राहिले, आढीच्या शेजारी. आढी म्हणजे जिथे पेंढ्यात आंबे पिकायला ठेवतात ती जागा. तिथे कसा छान ऊबदार वास असतो! पण मला त्याचं काही नव्हतं. गाडी सुटली की मी हिरमुसून जायची.

ती गाडी चालवायचा संदेश. बागेतल्याच दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको शलोमी राहत. माणसं ख्रिस्ती. दर रविवारी दोघं रत्नागिरीला उपासनेला जात. शलोमीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. संदेशची आत्या यमुनाबाई ईस्टरसाठी म्हणून आली होती, ती शलोमीचा चेहरा बघून राहूनच गेली. तिचा सगळा जन्म मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून गेला होता. दुपारी ती मला रिकामी करून पालथी घाली आणि माझ्यावर बसून पेंढा निवडी. संध्याकाळी डागी आंबे पुन्हा माझ्यात. म्हणजे माझी पहिली नोकरी स्टुलाची!

"आत्या, बाळ आज कमी हललं," शलोमी सांगायची.

"झोपलं असेल गो. आईच्या पहाऱ्याला कंटाळलं असेल."

"तुम्हाला सगळ्याची थट्टाच."

"थट्टा नाही. तू राखण कर, पण रखवालदार तू एकटी नाहीस. वरही एक आहे, त्याला झोप लागत नाही."

शलोमी मान हलवायची आणि पोटावरचा हात मात्र काढायची नाही.

आणि एके दिवशी, भर दुपारी, दोन महिने आधीच ते बाळ जन्माला आलं! मांडवात सगळे गाडी भरण्यात गुंतलेले. खोलीतून एक अगदी बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. पाठोपाठ पदर खोचलेली यमुनाबाई धावत बाहेर आली.

"संदेश, मुलगी झाली! पण एवढीशीच आहे. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठायचा. पेटी दे, रिकामी पेटी!"

"सगळ्या भरून खिळे मारलेत, आत्या."

"ही कोण बसलीये मग कोपऱ्यात?"

ती माझ्याबद्दल बोलत होती, मित्रांनो! माझ्याबद्दल! डागी आंबे घरंगळत जमिनीवर गेले.

"पण हिला झाकण नाही," भिकाजी म्हणाले.

"बाळाला झाकण घालतोस काय? मेल्या, अवेळी उतरलेला आंबा कशात पिकतो? आढीत ना? मग आण पेंढा. कोरडा आण!"

आढीतला ऊन पेंढा माझ्यात आला. त्यावर यमुनाबाईची धुतलेली सुती साडी घडी घालून. दोन्ही अंगांना कोमट पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळलेल्या. आणि मग, कापसात लपेटलेली ती. आंब्याचं ओझं मला माहीत होतं. हिचं वजन काहीच नव्हतं, आणि तरी माझ्या फळ्या थरथरत होत्या.

संदेशने भरलेल्या गाडीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" हरिहरकाका ओरडले. "मुंबई कुठे पळून जात नाही! आंबा थांबतो, पोर थांबत नाही. उतरव त्या पेट्या!"

"उतरवायच्या नकोत, काका. रिकामी गाडी खड्ड्यांत उड्या मारते. भार असू दे, जमिनीला धरून चालेल."

अशा रीतीने मी शेवटी गाडीत चढले, आणि तेही पुढे! माझ्या मिजासखोर बहिणी मागे भार म्हणून, मी यमुनाबाईच्या मांडीवर. शलोमी खिडकीशी टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले, पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"आत्या, श्वास चाललाय ना?"

"चाललाय."

"आत्या, आता?"

"चाललाय गो बाय."

मग शलोमी हळूच म्हणाली, "एवढ्या लवकर का पाठवलं देवाने हिला? मी काही चुकले का?"

"काही चुकली नाहीस. पाठवलंय ना? म्हणजे काम असणार. बिनकामाचं तो कुणालाच पाठवत नाही. तू तिच्याशी बोल, मी त्याच्याशी बोलते." आणि यमुनाबाईने डोळे न मिटताच प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, ही तुझीच ठेव आहे, आम्ही नुसते सांभाळणारे... संदेश, खड्डा! डावीकडून घे!... तर प्रभू, हिच्या इवल्या छातीत तुझा श्वास... अरे म्हैस! म्हैस बघ!... तुझा श्वास घाल. आमेन म्हण रे, गाडी चालवता चालवता म्हण!"

"आमेन!" संदेशने हॉर्न दाबला.

त्यानंतरची गोष्ट सांगताना अजून माझे खिळे गार पडतात. माझ्या पोटातली ती बारीक हालचाल थांबली. सगळ्यात आधी ते मला कळलं, मला! पण पेटीला ओरडता येत नाही. मी काय करणार होते? समोर खड्डा आला तेव्हा मी माझी ती वाकडी फळी कर्रकन वाजवली. फळ्या हादऱ्याने वाजतातच, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण यमुनाबाईने त्या आवाजाने खाली पाहिलं. तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. पाठीवरून बोट चोळलं.

"आत्या?" शलोमी म्हणाली. "आत्या, बोला ना!"

आणि बाळ रडलं! बारीक, चिडून, पण रडलं! संदेशही रडू लागला. यमुनाबाई त्याच्यावर खेकसली, "तू नको, तू रस्ता बघ!"

दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी बाहेर व्हरांड्यात. तिथे माझ्यावर कुणी पिशव्या ठेवल्या, कुणी पाय. मला त्याचं काही वाटलं नाही. दार उघडलं की मी कान द्यायची. आत रडणं ऐकू आलं की मला नाचावंसं वाटायचं. दिवस जात होते, रडणं मोठं होत होतं. माझ्या मनातून मुंबई कधी गेली, माझं मलाच कळलं नाही.

पाऊस लागायच्या आधी ती घरी आली. नाव ठेवलं हन्ना. त्या वर्षी नाताळात चर्चच्या मंडळीतल्या मुलांनी येशूजन्माचा देखावा करायचा ठरवला आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "गव्हाण कुठून आणायची?"

"आमच्याकडे आहे," यमुनाबाई म्हणाली. "वापरलेली आहे, चालेल?"

काय सांगू मित्रांनो! चर्चमध्ये मेणबत्त्या, चंदेरी कागदाचा तारा, पेटीवादन, गाणी आणि मधोमध मी! राजांचा राजा येशू जन्मला तेव्हा त्यालाही धड पाळणा मिळाला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. जनावरांच्या चाऱ्याचं साधं लाकूड, पण ते उघडं होतं, म्हणून तो त्यात आला. माझं झाकण बसलं नाही याबद्दल मी पहिल्यांदा देवाचे आभार मानले. देखाव्यात हन्नालाच माझ्यात ठेवलं होतं. तिने उठून बसून तारा ओढला आणि त्याचं एक टोक खाल्लं. मेंढपाळ झालेली मुलं हसून हसून लोळली.

नंतर दर नाताळाला मी गव्हाण झाले आणि दर मोसमात बागेतले पहिले आंबे माझ्यातूनच चर्चमध्ये गेले. मग काळ बदलला. आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जाऊ लागले. देखाव्यासाठी थर्माकोलची तयार गुहा आली. मी चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या फलकांखाली पडून राहिले. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली. मला वाटलं, माझ्या वाट्याचं एक काम होतं, ते झालं.

गेल्या वर्षी ती खोली साफ केली. मोडक्या लाकडांबरोबर संदेशने मलाही न बघताच गाडीत टाकलं, आंघोळीच्या पाण्याला जळण म्हणून. बागेतला गडी काशीराम लाकडं फोडायला बसला. कुऱ्हाड वर गेली.

"थांब! अरे थांब!" शलोमी ओल्या हातांनी धावत आली. तिने माझी वाकडी फळी ओळखली होती. तिने मला पदराने पुसलं आणि संदेशला म्हणाली, "अहो, हिला ओळखलं नाहीत?" संदेश खाली बसून माझ्या वाकड्या फळीवरून हात फिरवू लागला.

शाळेतून आलेल्या हन्नाने माझ्यात एक पाय घालून पाहिला. दुसरा मावेना.

"आई, मी ह्यात होते? अख्खी?"

"अख्खी. वर जागाही उरली होती."

म्हाताऱ्या यमुनाबाई ओसरीवर हसत होत्या. हन्नाने त्यांना विचारलं, "आजी, मग आता हिचं काम संपलं?"

"ते पेटीने का ठरवावं? माणसानेही ठरवू नये. काम देणारा वेगळा आहे. आपण उघडं राहायचं आणि जो येईल त्याला ऊब द्यायची."

म्हणून हन्नाने माझा वाळवी लागलेला कोपरा तासून घेतला, पेंढा भरला आणि यंदा मोसम सरताना कोंबडी बसवली. आता ती घटकेघटकेला येऊन कोंबडीखाली हात घालते.

"अगं, सारखी उठवू नकोस तिला!" शलोमी ओरडते.

"आई, पण आतलं पिल्लू श्वास घेतंय ना?"

"आईवरच गेली!" ओसरीवरून यमुनाबाईंचा आवाज येतो.

मित्रांनो, तुमचंही झाकण कधीतरी बसणार नाही. बाकीचे पुढे निघून जातील, तुम्ही कोपऱ्यात राहाल. तेव्हा हिरमुसू नका. तुम्हाला घडवणाऱ्याने कुणाची तरी ऊब तुमच्याकडे सोपवलेली असेल, ते माणूस अजून वाटेत असेल. आणि घरात एखादी जुनी, वाकडी वस्तू असेल किंवा एखादं थकलेलं माणूस असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा पदराने पुसून बघा. खाली काय ओळखू येईल, सांगता येत नाही.

अजून खूप सांगायचं होतं, पण... थांबा! टक् झालं! पुन्हा टक्! अंड्याला तडा गेलाय, आतून चोच दिसतेय! हन्ना, अगं हन्ना, कुठे आहेस? ही बघ, मी माझी वाकडी फळी वाजवते आहे. कर्र! धावत ये, कुणीतरी येतंय!