तिकीटमास्तरांचा शब्द

"माणसाचं शिक्षण, पगार, खानदान, सगळं झूट आहे. तो कुठला सिनेमा बघायचं ठरवतो, त्यावरून त्याचा आत्मा ओळखावा!"

खोक्यांच्या कारखान्याचे फोरमन हे वाक्य जेवणाच्या सुट्टीत, दातात अडकलेलं काडीने काढत काढत म्हणत. त्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा आत्मा भूकंपाच्या एका सिनेमाला जाऊन आला होता. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बोंबलत होते. तो निवडण्याचं कारण तेवढंच होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

फोरमनना कारखान्यात सगळे तिकीटमास्तर म्हणत. त्यांच्या शब्दावर लोक तिकिटं काढत. पोस्टर कोण बघतो, पेपरातलं परीक्षण कोण वाचतो? "मास्तर, या आठवड्यात काय?" एवढं विचारलं की झालं.

आणि मास्तरांना ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. दार आपटलं, ताट पडलं, बायको चिडली, तर कळे. पण माणसासारखं बोललेलं पोचत नसे. पुठ्ठा कापायच्या यंत्राशेजारी उभं आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? गंमत अशी, की त्याच यंत्राने त्यांचं गुपितही झाकून ठेवलं होतं. त्याच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलत, आणि ती सवय जेवणाच्या खोलीतही सुटत नसे. त्यामुळे कारखान्यात मास्तर ठणठणीत होते. बहिरे व्हायचे ते गेटच्या बाहेर पडल्यावर.

घरी बायकोला अर्थातच माहीत होतं. "कानाला मशीन लावा," ती म्हणे.

"ते म्हाताऱ्यांनी लावायचं."

"मग तुम्ही कोण? बाळ?"

मध्यंतरी काही वेळा ती त्यांच्याबरोबर सिनेमाला गेली. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, मागच्या रांगेच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी हात जोडले. "मी सिनेमा बघायला येते, समालोचन करायला नाही." तेव्हापासून मास्तर एकटेच जात.

मग त्यांनी परदेशी सिनेमे धरले. खाली अक्षरं येतात, वाचली की काम झालं. कारखान्यात बोलबाला झाला, की मास्तरांची आवड फार उंचावली. मास्तरांची नजर तर पडद्याच्या पार तळाशी खिळलेली असे. मिशीवाल्या नटांना अभिनय येत नाही, असंही एक मत ते ठणकावून सांगत. मिशीमुळे ओठ दिसत नाहीत, हे त्या मतामागचं सगळं शास्त्र. खोक्यांना डिंक लावणाऱ्या बाईंना त्यांनी एकदा बर्फाच्या एका सिनेमाला पाठवलं. तीन तास एक म्हातारा आणि एक घोडा. बाई झोपल्या, उठल्या, घोडा अजून चालतोय हे बघून परत झोपल्या, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फार खोल आहे हो." मास्तरांनी सांगितलेला सिनेमा उथळ म्हणायची कुणाची छाती होती?

असं सगळं सुरळीत चाललं असताना भाची आली.

बहिणीची ही मुलगी शाळेची सगळी वर्षं मास्तरांकडे राहिली होती, आणि पुढे जगातला नेमका तोच धंदा तिने पत्करला होता, जो मास्तरांना सोसणार नव्हता. ती सिनेमाचे आवाज करी. पावलांचे, दारांचे, वाऱ्याचे. एकदा तिने हौसेने मामाच्या कानांना हेडफोन लावले, तेव्हा मास्तर डोळे मिटून "वा!" म्हणाले. "मामा, अजून चालू नाही केलं," भाची म्हणाली. डोळे उघडताच ते त्यांनी तिच्या ओठांवर वाचलं. दोघंही हसली. मास्तर जरा जास्तच हसले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

आता तिने एकटीने आवाज केलेला पहिला सिनेमा लागणार होता. ती मामाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली आणि बोलू लागली. आवाजात काम करणारी माणसं फार हळू बोलतात. मास्तर ओठ बघत, मान हलवत, "हो का", "असं असतं खरं" असं अंदाजाने पेरत राहिले. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

"असं असतं खरं," मास्तर म्हणाले.

"अहो, ती विचारतेय, तुमची माणसं घेऊन याल का!" बायको आतून ओरडली. बायको नेहमीच ओरडत असे, त्यामुळे भाचीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "पहिल्या आठवड्यात लोक नाही आले तर काढून टाकतात म्हणे! पुढचं कामही मिळायचं नाही पोरीला!"

"माणसं?" मास्तरांची छाती फुगली. "अख्खा कारखाना आणतो!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत त्यांनी फर्मान काढलं. "येत्या रविवारी दुपारी सगळ्यांनी यायचंय. माझ्या भाचीचा म्हणून नाही. सिनेमा म्हणून."

"तुम्ही बघितलात?" स्टोअरकीपरने विचारलं.

"बघायला कशाला हवा? कळतं."

"कशावर आहे?"

"पाण्यावर."

"मग पूर येतो का?"

"येतो," मास्तर क्षणभर थांबून म्हणाले, "पण आतून."

स्टोअरकीपरने मान डोलावली. त्याने बायको, मेव्हणा आणि मेव्हण्याचे शेजारी, सगळ्यांची तिकिटं काढली.

रविवारी थिएटर कारखान्याच्या माणसांनी भरून गेलं. मास्तर मधल्या रांगेत मध्यभागी, भाची पार मागे दाराशी. सिनेमा सुरू झाला. धरणावरचा एक चौकीदार रोज पाण्याचा आवाज ऐकतो, आणि एक दिवस त्या आवाजात काहीतरी बदलल्याचं त्याच्या लक्षात येतं, अशी काहीशी गोष्ट होती. मास्तरांच्या वाट्याला त्यातलं फक्त पाणी आलं. खाली अक्षरं नव्हती आणि चौकीदाराला ओठभर मिशी होती. मध्यंतरापर्यंत मास्तरांनी त्याला मनातल्या मनात दोनदा न्हाव्याकडे पाठवलं.

मध्यंतरानंतर चौकीदार अंधारात धरणाच्या भिंतीला कान लावून उभा राहिला, आणि तेवढ्यात थिएटरच्या यंत्रघरात काहीतरी बिघडून आवाज गेला. पार गेला. चित्र आपलं चालूच.

मास्तरांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की पुढच्या रांगेतली डोकी मागे वळताहेत. तोंडं उघडताहेत. कुणी दोन बोटं तोंडात घातली. स्टोअरकीपरचा मेव्हणा तर चक्क उभाच राहिला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या पहिल्या सिनेमाला माझीच माणसं हुल्लड करतात? तिच्यासमोर?

ते ताडकन उठले. बेताने बोलायची सवय त्यांना कधी नव्हतीच, आणि आता तर थिएटर मुकं होतं. आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला.

"बसा खाली! लाज नाही वाटत? एवढा सुंदर आवाज लावलाय पाण्याचा, जरा कान देऊन ऐका! मारामारी नसली की तुम्हाला दम निघत नाही का रे?"

सगळे गप्प झाले. लोकांनी पडद्याकडे बघितलं. पाणी होतं, आवाज नव्हता. मग मास्तरांकडे बघितलं. कारखान्याची माणसं ती. मास्तरांच्या शब्दावर म्हातारा आणि घोडा तीन तास पचवलेली. मेव्हणा ओशाळून बसला. डिंकवाल्या बाईंनी शेजारणीच्या कानात सांगितलं, "तसंच असतं ते. शांतता ऐकायची असते." आणि अख्खं थिएटर श्वास रोखून, अत्यंत आदराने, काहीच ऐकू न येणारा सिनेमा बघू लागलं.

मास्तर समाधानाने बसले. मागे दाराशी भाची नव्हती. आवाज जाताच ती मॅनेजरकडे धावली होती, हे त्यांना कुठून कळणार? मॅनेजर तिला सांगत होता, की बाई, आवाज गेला असता तर लोकांनी एव्हाना खुर्च्या मोडल्या असत्या, आत जाऊन बघा, कुणी हूं की चूं करत नाहीये. यंत्रघरातल्या माणसाला शोधून, हाताला धरून आणेपर्यंत चौकीदार शेवटच्या दृश्यात पोचला होता. आवाज परत आला तो नावं सरकायला लागल्यावर. त्यात भाचीचंही नाव होतं.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. मास्तर शाबासकी झेलत बाहेरच्या दालनात आले, तेव्हा स्टोअरकीपरने त्यांचा हात धरून नेहमीसारखं बोंबलत सांगितलं, "मास्तर, मानलं पोरीला! अर्धा सिनेमा मुका! एक शब्द नाही, एक आवाज नाही! धाडस लागतं हो!"

"मुका?"

"मग काय! मध्यंतरानंतर टिपूस नाही आवाजाचा. आम्हाला आधी वाटलं बिघाड झाला. तुम्ही उठून सांगितलंत म्हणून कळलं."

आपण काय ओरडलो ते शब्दन् शब्द मास्तरांना आठवलं. एवढा सुंदर आवाज. जरा कान देऊन.

मॅनेजरच्या खोलीतून भाची बाहेर आली. डोळे लाल. मॅनेजर मागोमाग हात जोडत आला. तो काय म्हणाला ते स्टोअरकीपरने खच्चून विचारल्यामुळे मास्तरांना कळलं. "बिघाड होता? खरंच? मग आता परत दाखवणार, फुकट? पण बघितला की आम्ही! चांगलाच होता!"

"मला तर वाटतं आवाजाने मजा जाईल," डिंकवाल्या बाई म्हणाल्या.

लोक हसत हसत चपला सरकवत दाराकडे निघाले. एकदा का ते बाहेर पडले, की उद्या गावभर सांगत सुटणार, बिघाड असो नसो, मास्तरांनी मुकाच वाखाणलाय, फार खोल आहे. पोरीने महिनोन्‌महिने नदीकाठी बसून गोळा केलेलं पाणी कुणीच ऐकणार नव्हतं. आणि त्यांना थांबवायचं तर एकच गोष्ट सांगायला हवी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना वाटलं. दालनाला चकचकीत फरशी बसवलेली होती, ती काही दुभंगली नाही.

"थांबा," ते म्हणाले. "आवाज गेला होता."

"ते कळलं हो."

"मला नाही कळलं. मला ऐकू येत नाही."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली, त्यामुळे पुढे कुणाचे ओठही दिसेनात.

डिंकवाल्या बाई पुढे आल्या आणि यंत्रापाशी ओरडतात तशा ओरडल्या, "म्हणजे तो घोड्याचा सिनेमा?"

"खाली अक्षरं होती," मास्तर म्हणाले.

"अक्षरं होती म्हणून? त्याच्यासाठी मला पाठवलंत? माझी कंबर अजून दुखतेय!"

"आणि मिशीवाले नट?" स्टोअरकीपरला एकदम उजेड पडला. "मी त्या बिचाऱ्याचे सिनेमे बघायचे सोडून दिले की हो!"

कुणी हसलं, कुणी नाही. मास्तरांना सगळे हसले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी मेव्हण्याने मुद्द्याचं ओरडून विचारलं. "ते राहू दे. आता परत बघायचा की नाही?"

सगळ्यांनी सवयीने मास्तरांकडे बघितलं.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मी बघितलेला नाही. खरं म्हणजे बरेच बघितलेले नाहीत."

थोडी चुळबुळ झाली. मग स्टोअरकीपर म्हणाला, बाहेर ऊन फार आहे, आत गार आहे. डिंकवाल्या बाई म्हणाल्या, घरी गेलं की भांडी घासायची आहेत, त्यापेक्षा फुकटचं काय वाईट? मेव्हण्याला मास्तरांची मधल्या रांगेतली खुर्ची हवी होती, ती आता रिकामी राहणार असा त्याचा हिशोब. अशा थोर कारणांनी जवळजवळ सगळे परत आत गेले. दार बंद झालं.

दालनात मामा आणि भाची उरले. मास्तर भिंतीकडच्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखे. भाची येऊन शेजारी बसली. ती बोलू लागली. चांगला वेळ बोलली. मधेच तिने डोळे पुसले, मग ती थोडं हसलीही, आणि मामाच्या हातावर हात ठेवून शेवटी एक वाक्य फार सावकाश म्हणाली. ते वाक्य महत्त्वाचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मास्तरांचे स्वतःचेही डोळे भरून आले होते, त्यामुळे ओठ पुसटच दिसत होते.

ते तिच्याकडे वळून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगतेस का? जरा मोठ्याने."