बसून बघायचं राहिलं

अकोल्याच्या एमआयडीसीत कुलदीपभाऊंचा फवारणी पंपांचा कारखाना होता. पाठीवरचा नवा बॅटरी पंप मायाने आखला होता. तिचं हे पहिलंच काम. चाचण्यांची यादीही तिचीच. कमरेच्या उंचीवरून पाडणे, आठ तास सलग चालवणे, पट्ट्याला चाळीस किलो टांगणे... अकरा झाल्या, अकराही पास.

"शनिवारी साचा करायला देतो," भाऊंनी बजावलं. "पण त्या दिवशी एक जरी तडा दिसला तर यंदा जुनाच पंप. सोयाबीन काई आपल्यासाठी थांबत नाई."

बारावी चाचणी म्हणजे शेतात एक दिवस. बुधवारी पंप नांदगाव खंडेश्वरला, मायाच्या वडिलांच्या पाठीवर चढला. जानरावांनी तीस वर्षं लोकांची वावरं फवारलेली. टाकीत औषधाऐवजी साधं पाणी होतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, माया वही घेऊन, बाभळीखाली भाऊ रुमालाने वारा घेत.

दुपारपर्यंत पंप नव्या सुनेसारखा निमूट चालला. मग मायाची आई सुंदराबाई भाकरी घेऊन आली. जानरावांनी पंप उतरवला, चिखलात ठेवला आणि त्याच्यावर ऐसपैस बसले.

कडाड!

"बाबा! त्याच्यावर काहून बसले?"

"मंग का गाऱ्यात बसू? पंपावर नाई तं कुठी बसते मानूस?"

लहानपणी बाबांच्या पंपावर बसूनच तर मायाने भाकरी खाल्ली होती! यादी करताना तेवढंच कसं सुटलं?

भाऊंनी झाकणाचा तुकडा उचलला. "जुनाच पंप," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही शनिवार म्हणाले होते, भाऊ. आज बुधवार आहे." ती चिखलात गुडघे टेकून बसली. "बाबा, पुन्हा बसा. हळू."

बाबांचा सगळा भार झाकणावर येत होता. टाकीचे दोन्ही काठ बोटभर वर घेतले तर तो टाकीवर जाईल, झाकण खाली सुखरूप राहील.

शुक्रवारी नवा नमुना तयार. जानराव-सुंदराबाईही एसटीने कारखान्यात आले. मायाने हिशेब मांडला: दिवसातून चारदा बसणं, वीस दिवस, तीन हंगाम, दोनशे चाळीस. त्याच्या दुप्पट.

"ढेपेचं पोतं ठेवू वर," भाऊ म्हणाले.

"पोतं का दमून येते, भाऊ?" सुंदराबाईने विचारलं. "मानूस धपकन बसते, जेवता जेवता सरकते. आन् तुमच्याएवढं वजनदार इथं दुसरं कोन हाये?"

कामगारांनी माना फिरवून हसू गिळलं. भाऊ बसले. उठले. बसले. पन्नासपर्यंत तेही हसत होते. दोनशेला शर्ट भिजला. तीनशेला चहा आला, तोही पंपावरच.

"बूड हालवा जरा," जानराव शिकवत होते. "चटनी घ्याले वाकल्यावानी!"

चारशे ऐंशीला सगळा कारखाना ओरडला. भाऊ जरा कलले, मायाने झाकणावरून, काठावरून बोट फिरवलं. तडा नव्हता. पुन्हा फिरवलं. नव्हताच.

"यादी आण, सही करतो."

"टेबलावर या ना, भाऊ."

"बाई, आता उठवत नाई मले," भाऊ म्हणाले, आणि पंपावर बसूनच, मांडीवर कागद धरून त्यांनी सही ठोकली.